तळटीप : वणवा-टेहळणीचे शिखर

जंगलाला लागलेला वणवा लांबूनच दिसावा म्हणून ज्या उंच माथ्यावर पहारेकऱ्याची खोली बांधलेली असते, त्यास येथे ‘वणवा-टेहळणीचे शिखर’ म्हटले आहे. त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील क्रेटर लेक येथे आढळते. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी मझामा पर्वताचा प्रचंड उद्रेक होऊन पोटातील शिलारस बाहेर पडला, आधार गेलेला माथा आत कोसळला, आणि त्या खळग्यात (भूशास्त्रात ‘कॅल्डेरा’) पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी साचून ५९४ मीटर खोल, विलक्षण निळे सरोवर तयार झाले. काठावरील वॉचमन आणि पूर्वेकडील २,७२१ मीटर उंचीचे माउंट स्कॉट या दोन्ही शिखरांवर टेहळणी-खोल्या असून, पायी चढून त्याच दिवशी परतता येते. वॉचमनची वाट तर एका बाजूने जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे.

क्रेटर लेकच्या खडकाप्रमाणे आपल्याकडे मोडनिंबच्या (ता. माढा, जि. सोलापूर) माळाखालचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; तो मुख्यतः लांबलचक भेगांतून पाझरून थरांवर थर पसरला, म्हणून दख्खनच्या पठारावर असा कोसळलेला शंकू आणि त्यातले सरोवर दिसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर याच पाषाणात असले, तरी ते उल्केच्या आघाताने झाले आहे. त्यास ज्वालामुखीचे सरोवर म्हणणे चुकीचे आहे.