छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटसाठी फुकट प्लगिन कसे निवडायचे?

वर्डप्रेसवर वेबसाइट उभी राहिली, डोमेन आणि होस्टिंगचे पैसे भरून झाले, की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता यात चौकशीचा फॉर्म, ऑनलाइन पेमेंट, बॅकअप हे सगळं कसं टाकायचं? उत्तर असतं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत असे ६० हजारांच्या आसपास प्लगिन फुकट मिळतात. त्यातून निवडायचं कसं, हे आपण एका उदाहरणावरून बघू.

समजा, देवगडचे एक आंबा बागायतदार आहेत. हापूसच्या पेट्या ते वेबसाइटवरून थेट ग्राहकाला विकतात. धंदा मुख्यतः मार्च ते मे. एप्रिलमध्ये साइट दोन दिवस बंद पडली किंवा चौकशीचे मेल पोहोचलेच नाहीत, तर ती ऑर्डर जूनमध्ये परत येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी ‘हा प्लगिन फुकट आहे का?’ यापेक्षा ‘हा बिघडला तर दुरुस्त कोण करणार?’ हा प्रश्न मोठा आहे.

फुकट, पण कोणाच्या खर्चाने?

कोड लिहायला आणि सांभाळायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी देत असतं. काही प्लगिन म्हणजे एखाद्या कंपनीच्या पेड उत्पादनाची फुकट आवृत्ती असते. यांची देखभाल बहुतेक वेळा चांगली होते, कारण कंपनीचा धंदाच त्यावर चालतो. मात्र डॅशबोर्डात ‘प्रो घ्या’च्या जाहिराती सहन कराव्या लागतात. दुसरा प्रकार एखाद्या सेवेला जोडलेल्या प्लगिनांचा. रेझरपेचा प्लगिन फुकट आहे, पण प्रत्येक पेमेंटमागे कमिशन जातं. यात लपवाछपवी काही नाही, फक्त हिशोबात धरायला हवं. तिसरा प्रकार एकट्या डेव्हलपरने हौसेने किंवा स्वतःच्या गरजेपुरत्या केलेल्या प्लगिनांचा. यातले काही फार सुंदर असतात, पण त्या माणसाची नोकरी बदलली की अपडेट थांबू शकतात.

आणि ‘फुकट’ हा शब्द कोणासाठी आहे तेही वाचा. अकिस्मेट हा स्पॅम अडवणारा प्लगिन बहुतेक वेळा वर्डप्रेससोबतच येतो, त्यामुळे तो सगळ्यांसाठी मोफत आहे असं वाटतं. पण त्याचा फुकट प्लॅन फक्त वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक साइटसाठी आहे. आंबे विकणाऱ्या साइटला पैसे भरावे लागतात. त्याऐवजी अँटिस्पॅम बी वापरता येतो. तो व्यवसायासाठीही मोफत आहे.

डिरेक्टरीचं पान कसं वाचायचं

स्टार बघून निर्णय घेऊ नका. बरेच प्लगिन इन्स्टॉल झाल्यावर लगेच ‘५ स्टार द्या’ म्हणून मागे लागतात, त्यामुळे सरासरी बऱ्याचदा चांगलीच दिसते. १ आणि २ स्टारचे अलीकडचे रिव्ह्यू वाचा. ‘प्रो घ्यायला लावतात’ अशी तक्रार असेल तर ठीक आहे. ‘अपडेटनंतर साइट पांढरी झाली’ असं एकाच आठवड्यात चार-पाच जणांनी लिहिलं असेल तर थांबा.

मग उजव्या बाजूची माहिती बघा: शेवटचा अपडेट कधी आला, सध्या किती साइटवर चालू आहे, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलेला आहे. वर्डप्रेसच्या शेवटच्या ३ मोठ्या आवृत्त्यांवर प्लगिन तपासलेला नसेल, तर डिरेक्टरी स्वतःच पानावर वरती सूचना दाखवते. पण माझ्या मते सगळ्यात बोलकी जागा म्हणजे सपोर्टचा भाग. मागच्या दोन महिन्यांत किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती सुटल्या, हा आकडा तिथे असतो. तक्रारी असणं वाईट नाही. उत्तरच न येणं वाईट.

आता एक इशारा. इन्स्टॉलची मोठी संख्या म्हणजे सुरक्षिततेची हमी नाही. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचा प्लगिन सुमारे २ लाख साइटवर होता. मूळ डेव्हलपरने तो विकला आणि नव्या मालकाने अपडेटमधून त्यात साइटवर स्पॅम टाकणारा कोड घुसवला. गंमत बघा, हे स्पॅम लॉगिन केलेल्या माणसाला दिसतच नव्हतं. म्हणजे साइटचा मालक बघायचा तेव्हा सगळं ठीक, आणि गिऱ्हाईक व गूगल बघायचे तेव्हा भलतंच काहीतरी. डिरेक्टरीने तो चार वेळा काढून टाकला, तेव्हा कुठे तो कायमचा बंद झाला. तात्पर्य इतकंच की प्लगिनचा मालक बदलला असेल तर चेंजलॉग आणि सपोर्ट दोन्ही नीट वाचा. आणि महिन्यातून एकदा तरी आपली साइट लॉगिन न करता, मोबाइलवरून उघडून बघा.

२०२० मधलं फाइल मॅनेजर प्रकरण वेगळं होतं. तिथे कोणाचा हेतू वाईट नव्हता, चूक राहून गेली होती. पण ७ लाखांहून जास्त साइटवर असलेल्या या प्लगिनमधल्या एका फाइलमुळे बाहेरचा कोणीही लॉगिन न करता साइटवर फाइल चढवू शकत होता. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फाइल मॅनेजर आधीच असताना हा प्लगिन मुळात किती जणांना लागत होता, हा माझा प्रश्न. असे ‘असू दे, कधीतरी लागेल’ प्लगिन ‘डिअॅक्टिव्हेट’ करून ठेवू नका, ‘डिलीट’ करा. बंद केलेल्या प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर तशाच असतात आणि काही वेळा त्या थेट उघडता येतात.

आपल्या बागायतदारांना नक्की काय लागेल?

आधी काय लागत नाही ते बघू. व्हॉट्सअॅपच्या बटणासाठी प्लगिन नको. ‘डब्ल्यूए डॉट एमई’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ, ९१ आणि आपला १० आकडी नंबर लिहिला की लिंक तयार होते. ती कोणत्याही बटणाला द्या. नकाशासाठीही गूगल मॅप्समध्ये ‘शेअर’मधून एम्बेडचा कोड मिळतो, तो पानावर चिकटवला की झालं.

चौकशीच्या फॉर्मवर मात्र वेळ घालवा, कारण पैसे इथेच बुडतात. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ जुना, हलका आणि पूर्ण फुकट आहे, पण तो आलेला मजकूर फक्त मेलने पाठवतो, साइटवर साठवत नाही. मेल स्पॅममध्ये गेला की चौकशी गेली. म्हणून त्याच डेव्हलपरचा फ्लेमिंगो हा प्लगिन सोबत टाका. तो प्रत्येक चौकशीची नोंद डॅशबोर्डात ठेवतो. शिवाय डब्ल्यूपी मेल एसएमटीपी घालून मेल तुमच्या जीमेल किंवा डोमेनच्या मेल खात्यातून जाईल असं करा. साध्या शेअर्ड होस्टिंगवरून थेट गेलेले मेल पोहोचतीलच याची खात्री नसते. दुसरा फॉर्म प्लगिन घेणार असाल तर आलेल्या चौकश्या डॅशबोर्डात बघायला पैसे मागतो का, ते आधी तपासा. काही जण मागतात.

बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लसची फुकट आवृत्ती पुरते. बॅकअप गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या. तो त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हर गेल्यावर बॅकअपही जातो. आणि एकदा तरी तो परत चढवून बघा.

वेग वाढवायला लाइटस्पीड कॅश चांगला आहे, पण होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर नसेल तर त्याचं पानांचं कॅशिंग चालत नाही (त्यांच्या क्लाउड सेवेतून घेतलं तर गोष्ट वेगळी). होस्टिंगवाल्याला आधी विचारा. दोन कॅश प्लगिन एकत्र कधीच नकोत. एसईओचंही तेच: योस्ट घ्या किंवा रँक मॅथ, पण एकच. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत साइट हवी असेल तर पॉलिलँगची फुकट आवृत्ती चालेल. भाषांतर मात्र तुम्हाला स्वतः लिहावं लागेल, आणि ते बरंच आहे.

सुरक्षेसाठी वर्डफेन्स फुकट मिळतो. फायरवॉलचे नवे नियम फुकटवाल्यांना पेड ग्राहकांपेक्षा ३० दिवस उशिरा मिळतात, तरी एका कामासाठी तो ठेवावाच. डिरेक्टरीतून एखादा प्लगिन काढून टाकला गेला तर वर्डप्रेस तुम्हाला तसं कळवत नाही. वर्डफेन्सचं स्कॅन कळवतं.

राहिला प्रश्न पेड प्लगिन ‘फुकटात’ देणाऱ्या टेलिग्राम ग्रुपांचा. त्या झिप फाइलमध्ये कोणी काय घातलंय ते तपासायची सोय नाही आणि अधिकृत अपडेटही येत नाहीत. ज्या साइटवर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर आहेत तिथे हा जुगार अजिबात नको. ‘वेबसाइट बनवून देतो, प्रो प्लगिन सगळे फ्री’ असं कोणी म्हणालं तर लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते विचारा.

नवीन प्लगिन टाकायचा किंवा जुना बदलायचा तर हंगाम संपल्यावर, शक्यतो होस्टिंगच्या स्टेजिंग प्रतीवर आधी करून बघा. सुरक्षेचे अपडेट मात्र एप्रिल असला तरी थांबवू नका. बॅकअप घ्या, अपडेट करा, आणि लगेच मोबाइलवरून स्वतः एक पेटी कार्टमध्ये टाकून पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन बघा. फॉर्मचा प्लगिन बदलताना जुन्या चौकश्या आधी एक्सपोर्ट करून घ्या, कारण काही प्लगिन डिलीट होताना आपला डेटाही सोबत पुसून टाकतात.