एका सहीचे ओझे

रायपुरास बदलून आलेला मराठी माणूस 'ब्राह्मणपारा' हे नाव प्रथम ऐकतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पिंपळाचा पार उभा राहतो. आम्हीही प्रथम तो पार शोधत हिंडलो होतो. इकडे 'पारा' म्हणजे आळी, वस्ती. शेजारीच बूढापारा आहे, तात्यापारा आहे. त्यातला तात्या तरी आपल्या कानाला परका वाटू नये. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपुरास येऊन राहिले, 1818 मध्ये इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे ठाणे रायपुरास हलविले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्याबरोबर आलेली मराठी घराणी मात्र येथेच राहिली. तलवार गेली, कलमदान उरले. सरकारी चाकरी हाच पुष्कळांचा आधार झाला, आणि घरातल्या एकाची नोकरी म्हणजे साऱ्या घराची अब्रू असे गणित रूढ झाले. ते आपणा सर्वांच्या चांगले परिचयाचे आहे.

या रायपुरात शाळा शिकलेल्या माधवराव सप्रे यांची येथे आठवण करावीशी वाटते, ती त्यांच्या थोरवीपेक्षा त्यांच्या एका सहीसाठी. जन्म 1871, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी. पदवी मिळाल्यावर तहसीलदारीची जागा चालून आली असता त्यांनी ती नाकारली, असे चरित्रकार सांगतात. जानेवारी 1900 मध्ये रामराव चिंचोलकरांच्या साहाय्याने त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले. मातृभाषा मराठी आणि मासिक हिंदी! ते तीन वर्षे चालले. 1907 मध्ये नागपुरास 'हिंदी केसरी' सुरू झाला. पुढच्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सप्रे तुरुंगात गेले.

थोरले बंधू बाबूराव सरकारी नोकरीत होते. माफी मागून सुटला नाहीस तर मी जीव देईन, असा निरोप त्यांनी धाडला, असे सांगतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याने रविवारी दुपारी साहेबाचे बोलावणे आल्यावर पोटात उठणारा गोळा अनुभवला आहे, त्याने तो सावकाश द्यावा. सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले.

दोन नकोशा गोष्टींमधून एक निवडण्याची पाळी आली की माणूस प्रथम दोहोंपासून पळू पाहतो, असे कुर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने दाखविले आहे. पळण्याची वाट बंद असेल तरच खरा पेच पडतो. लेव्हिनच्या आकृतीत ही अडवणूक एका रेघेने दाखविलेली असते. सप्रे यांच्या बाबतीत ती दगडी भिंतच होती. एकीकडे व्रतभंग, दुसरीकडे बंधुहत्येचे पातक. अशा क्षणी जे घडते त्याला निर्णय तरी म्हणावे काय, याची आम्हाला शंका आहे.

त्याहून विचार करण्याजोगे आहे ते सहीनंतरचे. लिऑन फेस्टिंगरने 1957 मध्ये मांडलेला सिद्धान्त असा, की कृती आणि श्रद्धा यांचा मेळ बसेना की मनाला ते सोसत नाही; आणि घडलेली कृती पुसता येत नसल्यामुळे माणूस हळूहळू श्रद्धाच वाकवून घेतो. जहालांचा मार्गच मुळात चुकला होता, असे स्वतःस पटविणे सप्रे यांना कठीण नव्हते. कैक शहाण्यांनी तसे केले. सारा भार भावावर टाकूनही त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी यातले काहीच केले नाही. श्रद्धा होती तेथेच ठेवली आणि आयुष्य बदलले. वर्ध्याजवळ हनुमानगढी श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांजवळ ते तेरा महिने राहिले. मधुकरी मागितली, दासबोध वाचला. एका नावाजलेल्या संपादकाने दारोदार झोळी पसरावी, ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने दिलेली नव्हती.

केवळ पश्चात्ताप माणसाला खात बसतो. सप्रे यांनी त्याला दिनचर्या दिली, वेळ नेमून दिली, पुढे काम नेमून दिले. दासबोध त्यांनी हिंदीत आणला; मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेले 'गीतारहस्य' 1915 मध्ये प्रसिद्ध होताच पुढे त्याचेही हिंदी भाषांतर त्यांनीच केले. या योगायोगाकडे आम्ही पुनःपुन्हा पाहतो. ज्याने तुरुंग सोसला त्याचा ग्रंथ, ज्याला तो सोसवला नाही त्याच्या हातून उत्तर भारतात पोहोचला. ग्रंथाचा आरंभबिंदूही कोणता? भाऊबंद समोर पाहून ज्याच्या अंगाला कापरे सुटले, तोंडाला कोरड पडली आणि हातातून धनुष्य गळाले, त्या अर्जुनाचा. ती पाने हिंदीत उतरविताना अनुवादकाचा हात थबकला असेल काय?

त्यांनी भाषांतरच का निवडले, याचे आमचे एक अनुमान आहे. वाचकांनी ते अनुमान म्हणूनच घ्यावे. एकदा स्वतःचा शब्द मोडलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने मोठ्याने बोलणे जड जात असावे. भाषांतरात 'मी' लहान होतो, काम मात्र मोठे राहते. 1920 मध्ये जबलपुरास 'कर्मवीर' निघाले, त्यामागे सप्रे यांची धडपड होती. संपादक म्हणून नाव माखनलाल चतुर्वेदींचे. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचे भाषांतरही याच काळातले.

1924 मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्षपद दिले. लोकांनी सही केव्हाच विसरून टाकली होती. त्यांनी ती विसरली होती, असे त्यांच्या दिनक्रमावरून तरी दिसत नाही. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यात आहे. ब्राह्मणपाऱ्यातून पायी निघाले तरी फार वेळ लागत नाही.