जुना टॅब लॅपटॉपची दुसरी स्क्रीन बनवताना येणाऱ्या अडचणी : कनेक्ट न होणं, क्रॅश, काळी स्क्रीन आणि त्यावरचे उपाय

कपाटात पडलेला जुना टॅब किंवा मोबाईल लॅपटॉपची दुसरी स्क्रीन म्हणून वापरता येतो, तोही फुकटात. पण इन्स्टॉल करताना किंवा नंतर अडचण आली की बरेच जण वैतागून सोडून देतात. माझ्यावर तर फायनल प्रोजेक्टच्या आदल्या रात्री लॅपटॉपची स्क्रीनच काळी होण्याची वेळ आली होती. त्या रात्री जे शिकलो, ते आज क्रमाने सांगतो.

आधी दोन प्रकार समजून घ्या

पहिला प्रकार दुसऱ्या स्क्रीनचा. स्पेसडेस्कसारखं सॉफ्टवेअर विंडोजला सांगतं की आणखी एक मॉनिटर जोडलाय, आणि त्या खोट्या मॉनिटरचं चित्र वाय-फायवरून टॅबवर पाठवतं. दुसरा प्रकार रिमोट कंट्रोलचा. रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, व्हीएनसी वगैरे. यात लॅपटॉपची आहे तीच स्क्रीन दुसरीकडे दिसते आणि तिथून माऊस-कीबोर्ड चालवता येतो.

विंडोजमध्ये स्वतःचं रिमोट डेस्कटॉप असतं, पण विंडोज होम एडिशनवर बाहेरून लॅपटॉप उघडायची सोय त्यात नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या लॅपटॉपवर होमच असतं. त्यामुळे तिथे तासभर सेटिंग शोधत बसू नका, वरचं एखादं मोफत सॉफ्टवेअर घ्या.

इन्स्टॉल करण्याआधी ५ मिनिटं द्या

१. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे जाऊन तुमचं विंडोज ६४-बिट आहे, ३२-बिट आहे की एआरएम, ते बघा. डाउनलोड त्याचंच करा, आणि अधिकृत साइटवरूनच.
२. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. विंडोज १० सुद्धा अपडेटेड हवं, कारण अशा खोट्या मॉनिटरसाठीचा नवा आधार विंडोज १० मध्ये २०१६ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटपासून आला.
३. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा आणि एक पॉइंट बनवून ठेवा.
४. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. का, ते पुढे कळेलच.
५. याआधी असंच दुसरं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते आधी काढा आणि रिस्टार्ट करा.

मी यातलं शेवटचं केलं नव्हतं. तिथेच घोळ झाला.

अडचण १ : टॅबला लॅपटॉप दिसतच नाही

मनीषनगरला आमच्या फ्लॅटमध्ये माझं पहिलं अडकलं ते इथे. दोन्हीकडे वाय-फाय चालू, नेट मस्त, पण टॅबवर 'कनेक्ट होत नाही' एवढंच. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर लक्षात आलं की लॅपटॉप घरच्या मुख्य वाय-फायवर होता आणि टॅब गेस्ट वाय-फायवर. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना नेट मिळतं, पण घरातली बाकी उपकरणं सहसा दिसत नाहीत. हॉस्टेल आणि कॉलेजच्या वाय-फायवरही बहुतेक वेळा हेच होतं. या क्रमाने तपासा :

- दोन्ही उपकरणं एकाच नावाच्या वाय-फायवर आहेत ना?
- कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही कमांड देऊन आयपीव्ही४ पत्ता बघा. घरी तो सहसा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, राऊटर बंद करून चालू करा.
- वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. फक्त घरी बरं का, कॅफेत नाही.
- फायरवॉलमध्ये त्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. स्पेसडेस्क २८२५२ हा पोर्ट वापरतं, व्हीएनसी साधारण ५९०० आणि विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका, तेवढ्याच अॅपला सूट द्या.
- तरीही जमलं नाही तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून दोन्ही त्यावर जोडा. हॉटस्पॉटवर चाललं म्हणजे दोष राऊटरच्या सेटिंगमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही.

अडचण २ : चालता चालता क्रॅश होतं

'क्रॅश झालं' एवढ्यावरून काही कळत नाही. कोण बंद पडलं ते आधी बघा. टॅबवरचं अॅप आपोआप बंद होत असेल तर बहुतेकदा बॅटरी सेव्हर त्याला मारतो. अॅपच्या सेटिंगमध्ये बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

लॅपटॉपवरचं बंद पडत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधा आणि रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. तारखेवार लाल फुल्या दिसतील. फुलीवर क्लिक केलं की कोणता प्रोग्रॅम पडला आणि कोणत्या फाइलमुळे, ते लिहिलेलं असतं. फाइलचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर सॉफ्टवेअर दहा वेळा पुन्हा टाकून उपयोग नाही, ड्रायव्हर बदला.

आणि हो, नागपूरचा मे महिना विसरू नका. पारा ४५ च्या वर, लॅपटॉप गादीवर, त्यात दोन स्क्रीनचं काम. तापल्यावर लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो, कधी बंदही पडतो. टेबलवर ठेवा, मागून हवा लागू द्या. कूलरच्या अगदी समोर मात्र नको, ओलसर हवा असते.

अडचण ३ : लॅपटॉपची स्क्रीनच काळी

आता त्या रात्रीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता प्रोजेक्टचं सादरीकरण. मी नवं सॉफ्टवेअर टाकलं, रिस्टार्ट केलं, आणि लोगो येऊन स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिसत काहीच नाही. आई म्हणाली, "काय करून राहिला रे एवढ्या रात्री?" काय सांगणार, प्रोजेक्टची फाइल त्याच लॅपटॉपवर आणि कॉपी कुठेच नाही.

झालं असं होतं की जुन्या सॉफ्टवेअरचा खोटा मॉनिटर आणि नव्याचा खोटा मॉनिटर, दोन्ही एकमेकांच्या आड आले. तुमचं असं झालं तर :

१. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, कधी कधी एवढ्यानेच भागतं.
२. नाही भागलं तर लोगो दिसताच पॉवर बटन दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतः रिपेअरच्या मेनूत जातं.
३. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'सिस्टीम रिस्टोअर' आहे. पॉइंट बनवलेला असेल तर तो निवडा, काम झालं.
४. पॉइंट नसेल तर स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४ दाबून सेफ मोड. इथे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती लिहून ठेवायची.
५. सेफ मोडमध्ये काही सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल होतच नाहीत, कारण विंडोजची इन्स्टॉलर सेवा तिथे बंद असते. घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये जाऊन खोटा डिस्प्ले काढा, नेहमीसारखं रिस्टार्ट करा आणि मग सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा.

माझ्याकडे पॉइंट नव्हता. पाचव्या पायरीपर्यंत जाऊन रात्री दोनला स्क्रीन आली. पहिलं काम केलं ते म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

अडचण ४ : विंडो गायब झाली

लाईट गेली, राऊटर बंद झाला, टॅब तुटला, आणि त्यावर उघडलेली फाइल कुठेच दिसत नाही. ती बंद झालेली नसते, त्या नसलेल्या स्क्रीनवर अडकलेली असते. टास्कबारवरून ती निवडा आणि विंडोज + शिफ्ट + डावा बाण दाबा. किंवा विंडोज + पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' करा.

अडचण ५ : चित्र अडकतं

थोडं गणित बघा. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येकाचे ३ बाइट, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे सुमारे १८६ एमबी दर सेकंदाला. एवढं वाय-फायवरून जाणं कठीण, म्हणून सॉफ्टवेअर चित्र दाबून लहान करून पाठवतं. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० केलं की पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि फरक लगेच जाणवतो. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झ असेल तर ते वापरा. अॅपमध्ये यूएसबी केबलची सोय असेल तर त्याहून उत्तम.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं

रिमोट कंट्रोलचा कोड म्हणजे घराची किल्ली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच प्रकारच्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं : समोरचा एनीडेस्क टाकायला सांगतो, ९ अंकी कोड विचारतो, परवानग्या घेतो आणि खात्यातून पैसे काढतो. अॅप चोर नसतं, कोड मागणारा चोर असतो. केवायसी, वीजबिल, रिफंड, कारण कोणतंही असो, फोनवरच्या अनोळखी माणसाला कोड द्यायचा नाही. घरातल्या मोठ्यांनाही हे सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच नेट बंद करा आणि १९३० वर फोन लावा, जितक्या लवकर तितकं बरं.

तर मित्रांनो, जुना टॅब बाहेर काढा आणि करून बघा. फक्त परीक्षेच्या किंवा सादरीकरणाच्या आदल्या रात्री नको, आणि फाइलची एक कॉपी आधी बाहेर घेऊन ठेवा. भेटूया पुढच्या लेखात!