घाट उतरताना ब्रेक ढिला लागतो? ब्रेक ऑइल कधी बदललं ते बघा

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे कारवाले ब्रेक ऑइलकडे ढुंकूनही बघत नाहीत. डबीत दिसतंय म्हणजे चालतंय, असा समज. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. भरलेली गाडी आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की ते तापून ऑइलची वाफ होते. मग पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. घाटात खालचा गिअर ठेवायचा तो यासाठीच.

बहुतेक गाड्यांना साधारण २ वर्षांनी ऑइल बदलावं लागतं. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तकात असते. पातळी उतरली तर नुसतं वरून ओतू नका, पॅड झिजलेत की गळती आहे ते आधी बघा. झाकणावर लिहिलेलंच ऑइल घ्या, तेही सीलबंद बाटलीतलं. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी सील फुगतात. डबीतलंच बदललं तर काम अर्धवट राहतं; चारही चाकांतून जुनं ऑइल आणि हवा निघायला हवी. त्यानंतरही पेडल स्पंजासारखं दबत असेल, तर गाडी गॅरेजमधून बाहेर काढू नका.