कामगाराचा नंबर कोणी द्यावा?



सोलापुरात कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो १९३० च्या मार्शल लॉवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. तो विषय मोठा आहे आणि त्यावर माझ्याहून अधिक अधिकाराने बोलणारी माणसे या शहरात आहेत. मी आज एका अगदी बारक्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे नंबर. गिरणीच्या बिल्ल्यावरचा नंबर, फंडाच्या चिठ्ठीवरचा नंबर आणि आता संगणकाच्या पोटात जाऊन बसलेला नंबर. हा नंबर कोणी द्यायचा आणि तो हाती पडेपर्यंत माणसाने कोठे उभे राहायचे, या प्रश्नाने आमच्या लोकांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे एखाद्या फसलेल्या संपानेही केले नसेल.

हातमागाच्या घरात नंबर लागत नसे. मागावर कोण बसतो आणि कांड्या कोण भरते, हे सावकाराला तोंडपाठ असे. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतो. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसे आली, आणि त्यांची नावे लिहिणारा कारकून बहुधा त्यांची भाषा जाणणारा नव्हता. तेलुगू घरात घरनाव आधी आणि माणसाचे नाव मागून; कारकून ते उलटे करी. माहेरची लक्ष्मव्वा सासरी लक्ष्मीबाई होई आणि हजेरीपटावर नुसती लक्ष्मी. अशी एकाच बाईची तीन नावे, आणि एकाच नावाच्या तीन बाया! पगार वाटणाऱ्याने करावे काय? त्याने नंबर दिला. नंबर ही काही मालकाची दुष्ट युक्ती नव्हती. नावाने भागत नाही म्हणून काढलेली ती तोड होती.

परंतु हा नंबर गिरणीचा होता, माणसाचा नव्हता. गिरणी सुटली की बिल्ला परत जाई आणि दुसऱ्या दरवाजावर माणूस पुन्हा कोरा होई. बदली कामगाराची गोष्ट तर विचारूच नका. भोंगा झाला की तो दरवाजाशी उभा. जॉबरने बोट दाखविले तर आत, नाही तर घरी. दरवाजापर्यंत आलेला पण अजून पटावर न चढलेला असा हा माणूस. त्याची आठवण ठेवा; तो पुढे संगणकातही भेटणार आहे.

याच शहरात नंबराची दुसरी जातही होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवले, त्यांचीही नोंद होती, हजेरी होती, बोटांचे ठसे होते. दिवसा त्यांतले कित्येकजण गिरणीत काम करीत. म्हणजे एकाच माणसाला गिरणीच्या पटावर पगार मिळे आणि सरकारच्या पटावर संशय. हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. नोंद म्हटली की आमच्यातले काही वृद्ध अजून दचकतात, त्याचे कारण हे आहे.

२७ ऑगस्ट १९४९ रोजी जुनी गिरणी बंद झाली. ९ जानेवारी १९५० रोजी सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले. वकील मंडळी ते मालमत्तेच्या हक्कासाठी वाचतात. मी ते दुसऱ्या कारणासाठी वाचतो. गिरणीच्या दरवाजाला कुलूप लागताच हजारो नंबर एका दिवसात मुके झाले, ते कोणत्या निकालपत्रात यायचे?

पुढे भविष्य निर्वाह निधी आला. १९५१ च्या नोव्हेंबरात वटहुकूम, १९५२ साली कायदा. पहिल्या सहा उद्योगांत कापडधंदा होता, हे आपले भाग्य. या फंडाच्या खात्याचा नंबर मोठा बोलका होता: आधी प्रांताची अक्षरे, मग कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी कामगाराचा क्रमांक. हा शेवटचा आकडा मालकच देई. त्या काळी हे शहाणपणाचेच होते. प्रत्येक कारखान्याला आपला स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे सोलापूरचा मालक आणि नागपूरचा मालक यांनी एकमेकांना न विचारता नंबर दिले तरी ते एकमेकांवर आदळत नसत. तार करून नंबर मागवायची सोय कोठे होती? पण त्यामुळे झाले असे की कामगाराच्या ओळखीत मालकाची ओळख गुंफली गेली. मालक बदलला की फंडाच्या दृष्टीने माणूसच बदलला.

हा घोळ सोलापूरचाच आहे, असे मी कैक वर्षे समजत होतो. मग आमच्या एका सभासदाचा मुलगा, जो पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, त्याने मला एक निबंध आणून दिला. एडगर कॉड हा इंग्लंडात जन्मलेला गणिती. अमेरिकेत सॅन होजे येथे आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना त्याने तो जून १९७० मध्ये प्रसिद्ध केला. आज जगातल्या बहुतेक बँका, रेल्वे आणि फंड आपली दप्तरे ज्या रीतीने ठेवतात, त्या रीतीचे मूळ या निबंधात आहे. माझे शिक्षण शाळेत फार झाले नाही. शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, चिन्हांची पाने ओलांडली. आणि मध्येच एक उदाहरण दिसले, ते पाहून मी थबकलो. उदाहरण कामगाराचे आहे! कामगाराचा नंबर, नाव, जन्मतारीख, त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास आणि त्याची मुले. कॉड म्हणतो, हे सगळे एका जाड वहीत कोंबू नका. कामगारांची एक वही करा, नोकऱ्यांची दुसरी, पगाराची तिसरी, मुलांची चौथी. आणि प्रत्येक वहीत त्या कामगाराचा नंबर लिहा. ज्या नंबराने ओळ निर्विवाद ओळखता येते त्याला त्याने ‘प्रायमरी की’ म्हटले. नंबर बरोबर असेल तर मूल बापाला सापडते. नंबर चुकला तर वहीत मूल पोरके.

कॉडच्या १९७९ च्या दुसऱ्या निबंधात तर आपलीच कहाणी आहे. माणसांनी ठरविलेले नंबर माणसे बदलतात, असे तो म्हणतो. दोन कंपन्या एक झाल्या तर कामगारांचे क्रमांकही बदलावे लागतील. लक्ष्मी आणि विष्णू यांची नावे सोलापूरकर पुढे जोडूनच घेऊ लागले, हे त्याला कोठून ठाऊक असणार! त्याचा उपाय असा की ओळखीचा नंबर दप्तरानेच द्यावा. त्यात गाव नसावे, कारखाना नसावा, काही अर्थच नसावा. ज्यात अर्थ नाही ते बदलण्याचे कारणही नाही.

सांगायला हे सोपे आहे. पण नंबर दप्तर देणार म्हटले की एक अडचण उभी राहते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची पंचवीस-तीस वर्षांची हुशारी तिच्यातच खर्ची पडली आहे. प्रोग्रॅममध्ये कामगार हा एक जिवंत गाठोडे असतो: त्याचे नाव, त्याचा पगार, त्याची मुले, सगळे एकत्र. त्याला ते ऑब्जेक्ट म्हणतात. दप्तरात मात्र त्याच्या वेगवेगळ्या वह्यांत ओळी असतात. गाठोडे सोडून ओळी करायच्या आणि ओळींवरून पुन्हा गाठोडे बांधायचे, हे काम करणारा एक दुभाषी मुनीम मध्ये बसवितात. २००१ साली ऑस्ट्रेलियातील गॅव्हिन किंग याने सुरू केलेला ‘हायबरनेट’ हा त्यांतला नामांकित मुनीम.

आता नवा कामगार आला. गाठोडे तयार आहे, पण नंबराची चौकट रिकामी. कारण नंबर दप्तरात गेल्यावर मिळणार. हाच आपला दरवाजातला बदली! अशा दोन नव्या कामगारांची तुलना नंबराने केली, तर दोघांचा नंबर ‘काही नाही’, म्हणून घाईने लिहिलेला प्रोग्रॅम दोघांना एकच समजतो. त्यांची मुलेही दप्तरात घालता येत नाहीत, कारण मुलाच्या ओळीत बापाचा नंबर लिहायचा कोणता? तेव्हा मुनिमाने आधी बापाला आत सोडायचे, दप्तराला लगेच विचारायचे की ‘आत्ता कोणता नंबर दिलास?’, तो आणून गाठोड्यावर लिहायचा, आणि मग मुलांकडे वळायचे. नवशिके लोक यात एक लबाडी करीत. वहीतला सर्वांत मोठा नंबर पाहायचा आणि त्यात एक मिळवायचा. खिडकी एक असेल तोवर हे चालते. दोन खिडक्यांवर दोन कारकुनांनी एकाच क्षणी वही पाहिली की दोघांनाही तोच आकडा दिसतो, आणि एका नंबराची दोन माणसे तयार होतात, निदान तसा प्रयत्न तरी होतो.

प्रत्येक माणसामागे दप्तराकडे हेलपाटा घालायचा, तर हजार माणसांना हजार हेलपाटे. त्यावर निघालेली तोड ऐकून मला हसू आले, कारण ती आमच्या युनियनची आहे. वर्गणी गोळा करायला आम्ही कार्यकर्त्यांना छापील नंबरांची पावतीबुके देतो: एकाला १ ते ५०, दुसऱ्याला ५१ ते १००. दोघे दोन पेठांत फिरले तरी पावत्या एकमेकींवर आदळत नाहीत, आणि दर पावतीला कचेरीत यावे लागत नाही. दप्तराचा मोजणारा आकडाही असाच गठ्ठ्याने उचलता येतो. जावा भाषेच्या २००६ सालच्या नियमांत एका गठ्ठ्याचा आकडा, कोणी दुसरा सांगितला नाही तर, ५० च धरला आहे! यात नंबर मधून मधून गळतात. अर्धे बुक उरते, एखादी नोंद अर्ध्यात रद्द होते. दिलेला नंबर परत घेत नाहीत, कारण त्याची वाट पाहायची तर मागची सगळी रांग थांबेल. आमच्या सभेत दरवर्षी कोणीतरी उठून विचारतो, ‘मधल्या पावत्या कोणी खाल्ल्या?’ पावत्या अर्थातच दाखवाव्या लागतात, तो पैशाचा मामला आहे. पण केवळ ओळखीच्या नंबरात खंड पडला म्हणून माणूस खाल्ला गेला असे होत नाही.

दप्तराबाहेर छापलेल्या नंबराने काय होते, याचा नमुना अमेरिकेत घडला. तेथे १९३६ सालापासून कामगारांना सामाजिक सुरक्षेचे नंबर देऊ लागले. १९३८ साली लॉकपोर्ट गावच्या एका पाकीट बनविणाऱ्या कंपनीने पाकिटात नमुन्याचे कार्ड घातले आणि त्यावर कचेरीतल्याच एका बाईचा खरा नंबर छापला. पाकिटे वुलवर्थच्या दुकानांतून देशभर खपली. लोकांना वाटले, पाकिटाबरोबर नंबरही मिळाला. १९४३ साली ५,७५५ माणसे तो नंबर आपला म्हणून वापरीत होती. पुढे सगळे मिळून ४० हजारांवर लोकांनी तो लावला, असे सांगतात. यांत एकही लबाड नव्हता, असे मी धरून चालतो.

आपल्याकडे दप्तराने दिलेला नंबर घरोघर गेला तो आधारच्या रूपाने. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. केंद्रावर आपल्याला जी चिठ्ठी मिळते तिच्यावरचा लांबलचक नंबर त्या जागचे यंत्रच तयार करते. त्यात केंद्र, यंत्र, तारीख, वेळ सारे असते. खरा १२ आकडी नंबर मध्यवर्ती दप्तर मागाहून देते, आणि त्यात जात, गाव, जन्मसाल काही नसते. चिठ्ठी हातात आहे आणि नंबर आलेला नाही, ते दिवस म्हणजे पुन्हा दरवाजातले उभे राहणे. या नंबराची सक्ती कोठे असावी यावर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला. रेशनच्या रांगेत ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्या विडी वळणाऱ्या बायांचे प्रश्न त्याने संपले नाहीत. पण नंबराची घडण म्हणून पाहिले तर ती कॉडच्या वळणाची आहे, हे कबूल केले पाहिजे.

फंडाने हे वळण २०१४ साली घेतले. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर झालेला यू.ए.एन. हा १२ आकडी नंबर माणसाचा. मालकागणिक मिळणारे जुन्या घाटाचे नंबर त्याच्या पोटात. बासष्ट वर्षांनी कामगार मालकापासून सुटा मोजला जाऊ लागला! मात्र जुने नंबर आपोआप त्याच्या पोटात गेले नाहीत. नाव जुळत नाही, जन्मतारीख जुळत नाही म्हणून एकाच बाईला दोन यू.ए.एन. मिळाल्याची प्रकरणे आमच्या कचेरीत येतात. त्यात २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रमची नोंद सुरू झाली. तिचाही नंबर १२ आकडी आणि त्याचेही नाव यू.ए.एन.च. नाव ठेवणाऱ्याला दुसरे नाव सुचू नये?

यात अडकलेली वस्तू कोणती, ते शेवटी सांगतो. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत वेतनाचा हक्क येतो तो दहा वर्षांच्या सेवेने. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा १००० रुपये ठरले. रक्कम लाजिरवाणी आहे, पण ती मरेपर्यंत मिळते. एखाद्या बाईने एका कारखान्यात सहा वर्षे आणि दुसऱ्यात पाच वर्षे विड्या वळल्या, तर तिची सेवा अकरा वर्षांची होते. दोन नंबर जोडलेले नसतील, तर ती सहा वर्षांची एक बाई आणि पाच वर्षांची दुसरी बाई. दोघींनाही निवृत्तिवेतन नाही, थोडी रक्कम घेऊन घरी जायचे. जोडून घ्यायचे तर पहिल्या कारखान्याचा जुना नंबर हाताशी लागतो. तो कोठे आहे, असे विचारले की बाई पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी काढते. शेवटचे दोन आकडे घडीवर पडून पुसलेले असतात आणि कारखाना उठून गेलेला असतो.