पालकमंत्र्याचा रकाना रिकामा का ठेवावा लागतो?

पेटच्या तयारीतल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो: "आम्ही सायन्सवाले, आम्हाला इतिहासाचं प्रकरण लिहायला का लावतात?" आज माझ्याच एका चुकीवरून सांगते.

माझा विषय गाढी नदीचं पाणी. नदीवरचे छोटे बंधारे, गावातल्या पाणीयोजना, गटारं यांचा बराचसा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. म्हणून पार्श्वभूमीच्या प्रकरणासाठी मी करंजाड्यातल्या खोलीवर बसून एक तक्ता केला. वर्ष, मंजूर कामं, त्या वेळचे रायगडचे पालकमंत्री. एकही चौकोन मोकळा सोडला नाही. मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पद कुठल्या कागदात आहे?" मला वाटलं, राज्यघटनेत असेल.

नाही हो. राज्यघटनेचं कलम १६४ काढून बघा. राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात आणि मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने बाकीचे मंत्री. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने त्याला मर्यादा घातली, विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के. आपल्याकडे आमदार २८८, म्हणजे जास्तीत जास्त ४३ मंत्री. जिल्हे ३६. पालकमंत्री हा शब्द मात्र त्या कलमात कुठेच नाही.

मग त्या पदात इतका जीव कुठून आला? तर जिल्हा नियोजन समितीतून. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडडी आणलं आणि प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असावी असं ठरलं. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्यासाठी कायदा केला. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. शाळेची खोली, आरोग्य केंद्राची दुरुस्ती, वाडीवरचा रस्ता, कुठलं काम आधी घ्यायचं ते या बैठकीत ठरतं. कागदावर हे नियोजन. प्रत्यक्षात कुठल्या आमदाराच्या मतदारसंघात पैसा आधी जाणार, हा प्रश्न.

आता रायगडकडे या. ५ डिसेंबर २०२४ ला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. खातेवाटप त्याच महिन्यात उरकलं. पालकमंत्र्यांची यादी मात्र १८ जानेवारी २०२५ ला आली. रायगड महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांच्याकडे, नाशिक गिरीश महाजन यांच्याकडे. महाडचे आमदार आणि रोजगार हमी मंत्री भरत गोगावले यांच्या समर्थकांनी मुंबई-गोवा महामार्गावर टायर जाळले. दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली.

कोण बरोबर, ते आपण इथे ठरवायचं नाही. आपल्याला आकडे बघायचेत. रायगडात विधानसभेच्या सात जागा. २०२४ मध्ये भाजप तीन, शिवसेना तीन, राष्ट्रवादी एक. यादीत पालकमंत्रिपद गेलं ते एक जागा असलेल्या पक्षाकडे. बाजूने बोलायचं तर आदिती तटकरे २०२० पासून महाविकास आघाडी सरकारातही रायगडच्या पालकमंत्री होत्या, म्हणजे अनुभव होता. विरोधात बोलायचं तर आमदारांचं गणित समोर होतंच. खातेवाटपावर एवढं रान पेटलं नव्हतं, जिल्ह्यावर पेटलं. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. खात्याचा मंत्री मुंबईत बसतो. जिल्ह्याचा मंत्री तुमच्या शेजारच्या आमदाराच्या कामाच्या यादीवर सही करतो.

आणि रिकामा चौकोन ही काही २०२५ ची नवलाई नाही. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, त्याबरोबर सगळ्या पालकमंत्र्यांची पदंही गेली. नवं सरकार ३० जूनला आलं आणि ९ ऑगस्टपर्यंत त्यात दोनच जण होते. (त्याच कलम १६४ मध्ये किमान १२ मंत्री असावेत असंही लिहिलंय, ते जाऊ द्या.) पालकमंत्र्यांची यादी आली २४ सप्टेंबरला. म्हणजे जवळजवळ तीन महिने कुठल्याच जिल्ह्याला पालक नव्हता. यादी आली तेव्हा मंत्री २० आणि जिल्हे ३६. रायगड आणि रत्नागिरी दोन्ही उदय सामंत यांच्याकडे. फडणवीसांकडे नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा, गडचिरोली असे सहा! माझ्या तक्त्यात २०२२ च्या ओळीत मी सरळ 'सामंत' लिहून मोकळी झाले होते. जुलैतल्या एका कामाच्या मंजुरीपुढेसुद्धा.

दुसरी चूक याहून मोठी. समितीचे चार-पंचमांश सदस्य निवडून आलेले, असं मी प्रकरणात ठोकून दिलं होतं, कायद्यात आहे म्हणून. पण रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. पनवेल महापालिकेचंही तसंच होतं. जिथून सदस्य यायचे त्या सभागृहांतच त्या काळात कुणी नव्हतं, तर समितीत उरलं कोण? राज्यघटनेत ज्यांचा उल्लेख आहे ते सदस्य तेव्हा गैरहजर होते, आणि जिचा उल्लेख नाही ती खुर्ची सगळ्यात वजनदार. माझ्या प्रकरणाचा खरा मुद्दा इथे होता आणि मी तो तक्त्याखाली झाकून टाकला होता.

तुलनेसाठी पश्चिम आफ्रिकेतला घाना बघा. तिथे हे पद राज्यघटनेत लिहिलेलं आहे. १९९२ च्या राज्यघटनेचं कलम २५६ सांगतं की राष्ट्राध्यक्षाने प्रत्येक प्रांतासाठी एक मंत्री नेमावा, संसदेची आधी मान्यता घेऊन. त्या मंत्र्याचं काम तिथल्या प्रशासनाचा मेळ घालणं. प्रांत आधी दहा होते, २०१९ मध्ये सोळा झाले. म्हणून ते पद जनतेला जास्त बांधील, असं मी म्हणत नाही. तो मंत्री राष्ट्राध्यक्षाचा प्रतिनिधी असतो, स्थानिक मतदाराचा नाही. पण संशोधकाच्या दृष्टीने एक फरक पडतो. तिथे नाव मंजुरीला संसदेत जातं, त्यामुळे कामकाजात नोंद राहते. इथे नोंद म्हणजे सामान्य प्रशासन विभागाचा आदेश. नाव का आलं, एका रात्रीत का थांबलं, हे त्या आदेशात नसतं. ते वर्तमानपत्रातून, इतिवृत्तांतून, बैठकांच्या तारखांमधून जुळवावं लागतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला रायगडचं शासकीय ध्वजारोहण आदिती तटकरे यांनी केलं. ती बातमी वाचून मी लगेच रकान्यात नाव भरायला निघाले होते. पण झेंडा फडकवण्याची यादी वेगळी आणि पालकमंत्र्यांची वेगळी. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

आता माझ्या तक्त्यात त्या रकान्याचे तीन भाग आहेत: आदेशाची तारीख, आदेशातलं नाव, आणि त्या काळात समितीची बैठक कुणाच्या अध्यक्षतेखाली झाली. रायगडपुढे १९ जानेवारी २०२५ पासून 'स्थगित' असं लिहिलंय. तिसऱ्या भागातले बरेच चौकोन अजून कोरे आहेत, त्यासाठी पुढच्या आठवड्यात इतिवृत्तं बघायला अलिबागला जायचंय.