मज्जापेशींची वाढ आणि ‘संकेत’ ही संज्ञा

पेशींमधील रासायनिक व्यवहारास मराठीत कोणी ‘संदेशन’ म्हणतात, कोणी ‘संकेतन’. हा भेद केवळ रुचीचा नव्हे, असे या विषयाचा इतिहास पाहता वाटू लागते.

वाढता मज्जातंतू रासायनिक ओढीने आपले लक्ष्य गाठीत असावा, असा तर्क रामोन इ काहाल या स्पॅनिश पंडिताने १८९२ च्या सुमारास मांडला. भक्कम पुरावा मात्र अर्धशतकाहून अधिक काळाने आला. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी १९५२ मध्ये रिओ द जानेरो येथे, कोंबडीच्या भ्रूणातील मज्जागुच्छ उंदराच्या अर्बुदाशेजारी काचपात्रात वाढविला, तेव्हा त्याभोवती तंतूंचे प्रभामंडळच उमटले. कारणीभूत द्रव्य प्रथिन असल्याचे स्टॅन्ली कोहेन यांनी दाखविले. उभयतांस १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. त्यांच्या शिष्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या घ्राणेंद्रियाचा ध्यास घेतला. अमुक पेशी मज्जापेशी व्हावी हे वंशक्रमाइतकेच शेजारच्या पेशींशी होणाऱ्या व्यवहारावरही अवलंबून असते, असे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. २००२ मधील निष्कर्ष अधिकच मनोवेधक आहे: एका विशिष्ट वंशाचे तंतू मेंदूच्या गंधखंडात प्रथम पोहोचतात, ते नसल्यास मागाहून येणाऱ्या तंतूंची गुच्छरचना बिघडते. भाषेतही आधी आलेला प्रयोग पुढच्यांची वाट आखतो. पण हे साम्य फार ताणू नये.

आता संज्ञेकडे वळू. ‘संदेश’ म्हटले की आशय द्रव्यातच भरलेला आहे असा ग्रह होतो. नैयायिकांचा ‘संकेत’ मात्र शब्द व अर्थ यांचा संबंध दाखवितो. ध्वनी स्वतः काही सांगत नाही. शहागंजच्या बाजारात एकच आरोळी एका गिऱ्हाइकास जवळ ओढते, दुसऱ्यास दूर लोटते. नेट्रिन या प्रथिनाचे नेमके हेच आहे. १९९४ मध्ये ते तंतूंना आकर्षित करणारे म्हणून ओळखले गेले. दुसऱ्याच वर्षी ते अन्य जातीच्या तंतूंना दूर सारते असे आढळले. १९९७ मध्ये तर बेडकाच्या मज्जापेशीतील चक्रीय एएमपीचे कार्य रोखताच, नेट्रिनकडे वळणारा तंतू त्याच नेट्रिनपासून मागे फिरला. द्रव्य तेच होते. ग्रहण करणारी पेशी आतून बदलली होती.